तिसरं भोक

पाच रुपये गेल्याचं दुःख नाही, पण काका सोकावतात. म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या बारीक गोष्टी मनात ठेवणारा माणूस नाही मी (बायको म्हणेल आहेस, तिचं ऐकू नका).

तर इलेक्ट्रिक गाडी घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवताना सेक्रेटरीशी चार महिने जे झालं ते इथे लिहीत नाही, बीपीची गोळी घ्यावी लागते. पण मे महिन्यात गावी, गुहागरजवळ, जायचं तर बरोबर नेता येईल असा पोर्टेबल चार्जर हवा. शोरूममधला पोरगा म्हणालाच होता, "सर, घरातल्या कुठल्याही पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालतं, मोबाइलसारखं."

आता चार्जर निवडणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. मेव्हण्याने अमेरिकेहून एक आणला, सरप्राइज म्हणून. त्याचं गाडीकडचं तोंड पाच पिनांचं, आमच्या गाडीला लागतं सात पिनांचं टाइप टू. भिंतीकडच्या टोकाला दोन चपट्या पट्ट्या, आणि मधल्या डब्यावर लिहिलेलं १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. म्हणजे दोन्ही टोकांनी निरुपयोगी आणि मध्ये फटाका. लंडनवाल्या आतेभावाला विचारलं तर त्यांच्या पिना चौकोनी. गंमत म्हणजे आपला गोल पिनांचा प्लग मुळात इंग्रजांचाच. १९४७ साली त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग ठरवला आणि त्याच वर्षी आपल्याकडे गोल पिना आणि स्वातंत्र्य दोन्ही ठेवून निघून गेले. तेव्हापासून दोन्ही सांभाळतोय आपण, पिना जरा ढिल्या झाल्यात इतकंच.

शेवटी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेचं काहीही हवं असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जायचं आणि गाडी घेऊन जायचं नाही, त्यामुळे गाडीचा चार्जर घ्यायला मी बसने गेलो. दुकानदार तीन डबे काउंटरवर मांडून सांगत होता, हा ३.३ किलोवॅटचा, ह्यात अँपिअर कमीजास्त करता येतात, ह्याची वायर पाच मीटर. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"हे काय, इस्त्रीचं का?"

पांढरा सदरा, कापडी पिशवी, हातात फुटका बल्ब होल्डर. सत्तरीचे असावेत. म्हटलं, गाडीचं आहे काका, विजेवरची.

"अच्छा. किती देते?"

"एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर."

"आणि मध्येच लाइट गेली तर?"

"चार्जिंग थांबतं."

"आणि गाडी?"

"काका, गाडी उभीच असते हो चार्जिंगला!"

"मग सोयीची नाही," म्हणाले, आणि दुकानदाराने, ज्याला मी बारा हजार द्यायला आलो होतो त्याने, मान डोलावली.

"वेळ किती लागतो भरायला?"

"रिकामी असेल तर दहा तास."

काकांनी डोळे मिटून हिशोब केला. "आमचा गिझर दोन किलोवॅटचा. वीस मिनिटं राहिला चालू तर ही घर डोक्यावर घेते. तुमचा म्हणजे दीड गिझर, रात्रभर. आणि अंघोळ कुणाचीच नाही."

इथे मी निघायला हवं होतं. पण आपल्याला कुणी वेड्यात काढलं की त्याला पटवून दिल्याशिवाय हलवत नाही, हा माझा जुना आजार. मी प्रदूषण काढलं, पेट्रोलचे भाव काढले. काका ऐकत होते, म्हणजे होल्डरचा स्क्रू फिरवत होते.

"गावाकडे अर्थिंग आहे का? करंट गळला तर जमिनीत नेणारी वायर?"

"असेलच की."

"असेलच म्हणजे? बघितलंत? प्लगला तीन भोकं असतात. वरच्या मोठ्या भोकामागे वायर आहे का नुसतंच भोक? आपल्याकडे निम्म्या घरांत ते शोभेला असतं. आमच्या वाड्यात आई रोज तुळशीला पाणी घालायची आणि उरलेलं अर्थिंगच्या खड्ड्यात. तुमच्याकडे कोण घालतं?"

"काका बरोबर बोलतायत," दुकानदार म्हणाला. आता तो पूर्ण त्यांच्याकडे वळला होता. मी घाईघाईत मधला डबा उचलला, साडेबारा हजार फोनवरून दिले. काकांचा होल्डर पस्तीस रुपयांचा, हातात तीस. "पाच सुटे आहेत का हो?" मी दहाची नोट दिली. दुकानदाराने पाच परत दिले, ते काकांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशात घातले, आणि मी नुसता बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "एवढी गाडी घेतलीत, आता पाच रुपये काय बघताय!" पुढचे पाचही बुडाले ते बुडालेच, म्हणजे खरं तर दहा, पण मी पाचच धरतो.

गावी पोचलो तेव्हा बॅटरी अकरा टक्के. ओटीवरच्या प्लगला चार्जर लावला. लाल लाइट. काढला, लावला. लाल. पुस्तिकेत बघितलं: अर्थिंग नाही. हे चार्जर आधी अर्थिंग तपासतात, नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण रात्री नऊला योग्य गोष्टीचा फार राग येतो.

वायरमन दुसऱ्या दिवशी "येतंय" म्हणून तिसऱ्या दिवशी आला. घराचं अर्थिंग पूर्वी विहिरीच्या लोखंडी पायपाला जोडलेलं होतं आणि मागे कधीतरी माझ्या काकूने पाइप बदलून पीव्हीसीचा घातला. प्लास्टिकला अर्थिंग! तो म्हणाला, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ प्लगमध्येच जोडून देतो, लाइट हिरवा होईल. होईल ना, पण उद्या न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल आणि मी दार उघडायला जाईन. नको म्हटलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की भित्रे पुणेकर. खरंच विचारतो, पंधरा लाखांची गाडी विकताना "तुमच्या गावच्या प्लगला अर्थिंग आहे का" हे एक वाक्य का नाही विचारत कुणी? जाहिरातीत कुटुंब डोंगरावर हसत असतं. ते कुटुंब रात्री कुठे चार्ज करतं ते दाखवा ना एकदा.

शेवटी परसात जांभ्यात खड्डा खणला, दोन मजूर, एक दिवस, पाइप, कोळसा, मीठ. पंधरा अँपिअरचा काळा पडलेला प्लग बदलला, वायर चार स्क्वेअर एमएमची ओढली. लाइट लालच. मे महिना, जमीन कोरडी ठणठणीत. मग काकू कळशी घेऊन आली, तुळशीला घातलं आणि उरलेलं खड्ड्यात ओतलं.

हिरवा.

तेव्हा मला त्या माणसाची इतकी तीव्र आठवण आली की विचारू नका. पुढच्या आठवड्यात तपकीर गल्लीत परत जायचंय, एक्स्टेंशन आणायला. सुटे घेऊन जाणार नाही.