अंगणातला ट्रक

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, खाणी परत सुरू झाल्यात. ट्रक घेईन म्हणतो." गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींबद्दल बोलत होता. नुकता बारावी झालाय. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

त्याच्याच अंगणात त्याच्या बापाचा टिपर उभा आहे. टायर कधीच विकले, चिऱ्यांवर टेकवलाय. हौदा गंजून भोक पडलंय, त्यातून दोडक्याचा वेल वर आलाय. ताई तिथूनच दोडकी काढते.

भावोजींनी तो २००८ साली कर्ज काढून घेतला. तेव्हा चीनला आमचं कमी प्रतीचं खनिजसुद्धा हवं होतं. डिचोलीपासून सावर्ड्यापर्यंत ज्याच्या-त्याच्या दारात ट्रक. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद. मधे थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केली, परत बंद. बँकेचे हप्ते तेवढे चालू राहिले.

माझा राग बंदीवर नाही. त्या वर्षांत आम्ही बाकी सगळं सोडून दिलं, त्यावर आहे. भावोजींची वायंगण शेती होती, पावसाळ्यानंतरच्या भाताची. डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ ढिगांची, माती पावसात वाहून शेतात उतरली, तर कोणी भांडलं नाही. भांडणार कशाला? भरपाई पिकापेक्षा जास्त मिळत होती! विहीर आटली, टँकर आला. टँकरही खाणीचाच. खाण थांबली तसा तोही थांबला, आणि ताई हंडा घेऊन आटलेल्या विहिरीवर उभी. तो हंडा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हो, त्याच पैशानं घरांवर स्लॅब पडले. माझी कॉलेजची फीसुद्धा भावोजींच्या ट्रिपांतूनच गेली. मान्य.

पण खाण सुरू करा म्हणून आमच्या गावातून बस भरभरून माणसं मोर्चाला गेली. शेतातली माती उपसून द्या म्हणून एक माणूस उठला नाही. मीही नाही.

संध्याकाळी भाच्याला झापायला फोन लावला. पोर शांतपणे म्हणालं, "मग काय करू, मामा? तूच सांग. शेत तर बाबांनासुद्धा सापडत नाही." खरंच आहे, बांध कुठे होता तेच मातीखाली कळत नाही.

झापणं राहिलंच. वरचे दोन कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, मातीनं कमी भरलेत, असं भावोजी मागे म्हणाले होते. रविवारी जातोय. भाच्याला म्हटलं, फावडी दोन काढून ठेव.