शुक्रावर जीवसृष्टी होती हे 'सिद्ध' झालेलं नाही

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय की शुक्रावर ३०० कोटी वर्षं समुद्र आणि जीवसृष्टी होती हे नासाने सिद्ध केलं, ढगांत अजून जीव आहेत, रशियाच्या यानाला तिथे विंचू दिसला, आणि प्रदूषणाने सगळं जळून गेलं. माझ्या वर्गातली मुलंपण आता हेच खरं धरून चाललीत, म्हणून लिहितोय.

मुळात 'सिद्ध' हाच शब्द चुकीचा आहे. २०१६ मध्ये आणि परत २०१९ मध्ये नासाच्या मायकल वे यांच्या टीमने कॉम्प्युटर मॉडेल चालवली, त्यात शुक्रावर आधीच समुद्र आहे असं धरून घेतलं आणि मग तो टिकेल का ते बघितलं. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस लागतात, त्यामुळे उन्हाच्या बाजूला दाट ढग जमतात, ते ऊन परत पाठवतात आणि समुद्र टिकतो, असं उत्तर आलं. पण २०२१ मध्ये मार्टिन टर्बे यांच्या टीमने सुरुवातच तापलेल्या वाफेपासून केली तर ढग रात्रीच्या बाजूला जमले, त्यांनी उष्णता आत कोंडली आणि पाऊस कधी पडलाच नाही! म्हणजे सुरुवात कुठून धरता त्यावर सगळं ठरतं. जीवसृष्टीचा तर दोन्हीकडे पुरावा नाही.

पाणी होतं हे मात्र बऱ्यापैकी पक्कं. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेत तिथल्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त निघालं, कारण पाणी फुटून हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. पण ते पाणी समुद्रात होतं की कायम वाफच होती, हे त्यावरून कळत नाही.

ढगातले जीव म्हणजे २०२० ची बातमी, की शुक्राच्या ढगांत फॉस्फिन सापडला. हा वायू पृथ्वीवर जिवाणूंशी जोडला जातो, म्हणून जीवांची चर्चा सुरू झाली. नंतर त्याच टीमने आकडा बराच खाली आणला, दुसऱ्यांनी ती खूण सल्फर डायऑक्साईडची असू शकते म्हटलं, वाद अजून चालूच आहे. विंचू तर सोडाच, १९८२ मध्ये शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत यान व्हेनेरा १३ च्या फोटोंवरून २०१२ मध्ये एका रशियन शास्त्रज्ञाने तो दावा केला होता, पण तो फोटोतला नॉईज, म्हणजे चित्र पाठवताना आलेली गडबड होती.

प्रदूषणाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण खरं कारण कितीतरी भारी आहे. कार्बन पृथ्वीवरही जवळपास शुक्राइतकाच आहे, फक्त आपल्याकडे पावसाचं पाणी खडक झिजवतं आणि तो कार्बन समुद्रात चुनखडी होऊन अडकतो. आपल्या घरांच्या भिंतीतला जांभा घ्या, तोसुद्धा लाखो वर्षं पावसाने खडक कुजून झालाय. शुक्राला ऊन आपल्या जवळपास दुप्पट, तिथे पाणी गेलं की हे काम बंद, मग ज्वालामुखीतून येणारा कार्बन डायऑक्साईड हवेतच साठत राहिला. आज हवेत तो ९६ टक्के, जमिनीवर तापमान ४६५ अंश, दाब पृथ्वीच्या ९२ पट. तिथे कारखाने कोणी काढले नव्हते.

नासाचं डाविंची यान त्या हवेतून खाली उतरत वायू मोजणार आहे, समुद्र होता का याचं उत्तर मिळालं तर तशाच मोजमापातून मिळेल. तोपर्यंत मेसेजमध्ये 'सिद्ध केलं' खोडून 'कदाचित समुद्र असेल' एवढंच लिहा आणि मग खुशाल फॉरवर्ड करा.