प्रशिक्षक काढला, पुढे काय?

भारतीय पुरुष हॉकी संघ हरत असेल तर प्रशिक्षक ताबडतोब बदला, असं एका लेखात वाचलं; ते मला अजिबात पटलं नाही. हा उपाय आपण करून करून थकलोय. टेरी वॉल्श २०१४ मध्ये प्रशिक्षकपदावरून गेले, पॉल व्हॅन आस २०१५ मध्ये काही महिन्यांतच, ऑल्टमन्स २०१७ मध्ये, हरेंद्र सिंग २०१९ च्या जानेवारीत. दर वेळी नवा माणूस, नवी पद्धत, आणि पोरं पुन्हा पहिल्या पाढ्यावर.

मी चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर ज्युनियर मुलांचा सराव नेहमी बघतो. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या फाऊलबद्दल मिळणाऱ्या संधीला, एक जण चेंडू आत ढकलतो, दुसरा अडवतो, तिसरा फ्लिक मारतो, म्हणजे स्टिकने चेंडू गोलकडे भिरकावतो. अडवणाऱ्याची स्टिक टर्फवर नीट सपाट टेकली नाही तर चेंडू उसळतो आणि फ्लिक मारणाऱ्याचा सगळा अंदाजच चुकतो. हे तिघांचं जुळायला कित्येक महिने जातात हो!

टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा मार खाल्ला, तेव्हा प्रशिक्षक ग्रॅहम रीडना हाकला म्हणणं सोपं होतं. त्याच संघाने पुढे जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणलं. रीडनंतर प्रशिक्षक म्हणून क्रेग फुल्टन आल्यावर पॅरिसलाही कांस्य मिळालं, हे मान्य. पण श्रीजेश, मनप्रीत, हरमनप्रीत हा गाभा जुनाच होता.

प्रशिक्षकाला काढायचंच असेल तर आधी त्याला चार वर्षं द्या. आणि संघनिवडीत त्याचं किती ऐकलं गेलं, तेही लोकांना सांगा.