एज प्रोफाइल

आज दुपारी पानावर बसणार तेवढ्यात फोन आला. घोडबंदर रोडवरच्या एका पबचा मॅनेजर. पुढच्या महिन्यातला आमचा शनिवार पक्का होता, पोस्टरसुद्धा तयार होतं. म्हणाला, "सर, रागावू नका, पण वरून सांगितलंय की सॅटर्डेला यंग बँड लागेल. तुमचं एज प्रोफाइल आणि हा जॉनर मॅच होत नाही." मी काही बोललो नाही. त्याला वाटलं मला पटलं. म्हणून पुढे म्हणाला, "१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो ना सर, त्या संध्याकाळी आम्ही एक प्रोग्रॅम करतोय. तेव्हा या. जुनी हिंदी गाणी, अनप्लग्ड, छान होईल."

मी बरं म्हणून फोन ठेवला. जेवण गेलं नाही. आता संध्याकाळ झाली तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या बँडमध्ये सगळ्यात लहान बेस वाजवणारी ताई, ऐरोलीची, तीही पन्नाशीपुढची. ड्रमर रेल्वेतून रिटायर झालेला. गायक शाळेत भूगोल शिकवतो, पुढच्या वर्षी सुटेल. मी अठ्ठावन्न, गिटारवर. रबाळ्याला एमआयडीसीत एका मित्राचा गाळा आहे, रविवारी मशीन बंद असतात, तिथे आमची रिहर्सल. ब्लॅक सॅबथ, जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन, डीओ, मोटरहेड या बँडची गाणी. जुनं हेवी मेटल, दुसरं काही नाही.

तर "हा जॉनर आणि तुमचं वय".

अरे, हा जॉनर, म्हणजे संगीताचा हा प्रकार, आला कुठून, विचार की कुणाला तरी! बर्मिंगहॅममधून आला. म्हणजे कारखान्यांच्या गावातून. पुढे सॅबथचा गिटारिस्ट झालेला टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस. पत्र्याच्या प्रेस मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजून ज्याची दोन बोटं निकामी झाली होती तो जिप्सी गिटारिस्ट. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या आणखी सैल करून सूर खाली आणला. सॅबथच्या १९७१ च्या अल्बमवर गिटार दीड सूर खाली आहे. तो जो जड, खोल आवाज ज्याला जग हेवी मेटल म्हणतं, त्यात त्या प्रेसचा वाटा आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा माझ्या वडिलांना सांगितली होती.

आम्ही किसननगरला चाळीत राहायचो. वडील वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर. कारखान्याचं नाव घेत नाही, तिथे आता काचेची इमारत आहे. मी शाळेत असताना एका पहाटेच्या पाळीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं डायखाली आली. तर्जनी आणि मधलं, पहिल्या पेरापर्यंत. त्याआधी ते चाळीच्या भजनात पेटी वाजवायचे. नंतर पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

पुढे कॉलेजात असताना मित्राने कॅसेट भरून दिली, सॅबथचा पहिला अल्बम. रविवारी दुपारी लावली. वडील पलंगाच्या कडेला बसून पेपर वाचत होते. बंद कर म्हणतील असं वाटलं. म्हटले नाहीत. सुरुवातीला पाऊस आणि लांबून घंटा, मग तो रिफ (परत परत येणारी गिटारची धून) येतो. पेपर खाली आला. मी फोर्टच्या फुटपाथवरून आणलेल्या एका जुन्या परदेशी मासिकात आयोमीची हकिगत वाचली होती, ती सांगितली. वडिलांनी सगळी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला: "टोपणं कशाची केली त्याने?"

प्लास्टिकची, मी म्हटलं.

थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नुसतं प्लास्टिक तारेवर घसरणार. वर चामडं लावलं असेल."

त्या मासिकात चामड्याचं काही नव्हतं. कितीतरी वर्षांनी मला कळलं की आयोमीने खरंच जुन्या जॅकेटचं चामडं कापून त्या टोपणांवर चिकटवलं होतं.

आता सांगा, कुणाचं आहे हे संगीत? वडील तेव्हा सत्तेचाळीसच्या आसपास असतील. इंग्रजीचा गंध नाही, रॉक म्हणजे काय ठाऊक नाही. त्यांना ते पाच मिनिटांत कळलं. मी सतराचा, मला फक्त आवाज मोठा आहे एवढंच कळलं होतं. आणि हा मॅनेजर, जेमतेम तिशीतला पोरगा, मला वय सांगतो.

बरं, त्यालाही टेबलं भरायची असतात, बिलं काढायची असतात. मान्य. पण मग तसं सांग ना, की तुमच्या शनिवारी बिअर कमी खपते. वयावर कशाला घसरतोस?

आणि हे एकट्या त्याचं नाही. हे सगळीकडे आहे आणि मला याचीच जास्त चीड येते. ठाण्यात कुठल्याही शनिवारी जा, कुठल्या तरी हॉलमध्ये साठीची माणसं कॅराओकेवर रफी-किशोर गात असतात. जॅकेट घालून, हातात माइक घेऊन. लोक कौतुक करतात, करावंच, मीही करतो. गडकरी रंगायतनला सत्तरीचा गायक नाट्यगीतांचा कार्यक्रम करतो तेव्हा पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत माना डोलतात. 'सौभद्र' १८८२ सालचं आहे. एवढ्या वर्षांत किती पिढ्यांनी तीच पदं गायली, कुणी त्यांना विचारलं का की तुमचं स्वतःचं काय? हे राम मराठ्यांचं गाव आहे, त्यांच्या नावाने महानगरपालिका संगीत समारोह भरवते. तिथे वयस्कर गायक बसला की आपण सरसावून बसतो, कारण आपल्याला माहीत असतं की गळा मुरायला आयुष्य जातं. मग गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, लावलं की हा नियम उलटा का होतो? तिथे म्हातारपण म्हणजे एकदम "काका, आता पुरे"?

दुसरं ते नेहमीचं ऐकायला लागतं: "तुम्ही फक्त कव्हर वाजवता." म्हणजे दुसऱ्यांची गाणी. हो, वाजवतो. सॅबथचं पहिलं सिंगल, जानेवारी १९७०, ते क्रो नावाच्या अमेरिकन बँडचं गाणं होतं. प्रीस्टने जोन बाएझ या लोकगायिकेचं गाणं घेऊन आपलं केलं. मेटॅलिका हा बँड सुरुवातीला डायमंड हेड या दुसऱ्या बँडची गाणी वाजवत हिंडत होती. आणि आपल्याकडे तर दुसरा मार्गच नव्हता. १९८६ ला मुंबईत रंगभवन या खुल्या रंगमंचावर इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला, तेव्हा ठाण्याहून लोकलने धोबीतलावला जायचं आणि शेवटची गाडी पकडायला धावत सुटायचं. तिथे स्टेजवर आपल्यासारखीच पोरं असायची, मेडन, प्रीस्ट वाजवणारी. त्यांच्या हातून ऐकलं म्हणून ऐकायला मिळालं. मेडन स्वतः भारतात आले ते २००७ मध्ये, बंगळुरूला, आणि मुंबईत २००८ ला. तोवर मी चाळिशीला पोचलो होतो. मधली सगळी वर्षं हे संगीत इथे कुणी जिवंत ठेवलं? दुसऱ्यांची गाणी घरी बसून, कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन, एकेक नोट कानाने उचलणाऱ्यांनीच.

रंगभवन तर गेलंच. शांतता क्षेत्र, शेजारी हॉस्पिटलं, कॉलेज. पेशंटला त्रास होत असेल तर बंद करायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण त्याच्या बदल्यात या शहरांनी आम्हाला काय दिलं? नव्या मुंबईत डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले येतात, हजारो माणसं जमतात, ट्रेन वाढवतात. आणि शंभर माणसांसाठी वाजवायला ठाण्यापासून पनवेलपर्यंत एक धड खोली नाही जिथे अर्थिंग नीट आहे.

तरुण पोरांवर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो. त्यांचे हात आमच्यापेक्षा जलद आहेत, कानात तालाची क्लिक (टिकटिक) लावून वाजवतात, टायमिंग हलत नाही. स्वतःची गाणी करतात, त्यांना शनिवार मिळायलाच हवा. आमचा ड्रमर डबल पेडलवर आता पूर्वीइतका टिकत नाही, गायकासाठी आम्ही सगळं अर्धा सूर खाली ट्यून करतो. ठीक आहे. पण सॅबथचा तो संथ रिफ वाजवायला वेग लागत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये थांबता यावं लागतं. विशीत ते जमत नाही, हात पुढे पळतो. मी स्वतः किती वर्षं तो रिफ घाईने वाजवला. गेल्या काही वर्षांत कुठे तो जागेवर बसायला लागलाय. आणि नेमका आता मला सांगतात की वय झालं.

त्या रविवारी वडिलांनी आणखी एक गोष्ट केली होती. कॅसेट एका बाजूने संपली तेव्हा म्हणाले, "हा ड्रम वाजवणारा प्रेसवर होता का?" मी म्हटलं माहीत नाही, का? तर म्हणाले, "ठोका खाली येतो, मग वर जातो, मग मध्ये जरा रिकामं. त्या रिकाम्यात हात काढायचा असतो." आणि आपल्याच मांडीवर दाखवलं, कधी हात आत, कधी बाहेर. मी आजही आमच्या ड्रमरला हेच सांगतो. रिकामी जागा खाऊ नकोस.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला बहुतेक.

गेल्या वर्षी, म्हणजे ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमला व्हिला पार्कमध्ये सॅबथचे मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. अ‍ॅस्टनमध्ये, जिथे ते वाढले तिथेच. आयोमी सत्त्याहत्तर वर्षांचा. गायक ऑझीला पार्किन्सन, उभं राहता येत नव्हतं, काळ्या सिंहासनात बसून गायला. आम्ही चौघांनी मिळून माझ्या घरी ते पाहिलं. ताई रडत होती, मीही. २२ जुलैला ऑझी गेला. मोटरहेडच्या लेमीचं तसंच, ११ डिसेंबर २०१५ ला बर्लिनमध्ये शेवटचा शो, २८ तारखेला गेला, नुकती सत्तरी पूर्ण केली होती. गायक डीओने स्वतःच्या नावाचा बँड काढला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. ही माणसं काय हौस म्हणून म्हातारपणी वाजवत होती? त्यांचं कामच ते होतं. कामावरून माणसाला कुणी असं उठवत नाही.

नाही, उठवतात. वागळे इस्टेटमधून हजारोंना उठवलं. कारखाने गेले, माणसं घरी बसली. वडीलही बसले. तो विषय आज नको.

पण हे टाइप करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि ती मला बरोबर वाटतेय. १ ऑक्टोबरच्या त्या कार्यक्रमाला कोण येणार? घोडबंदर, वर्तकनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, इथली सत्तर-पंच्याहत्तरीची माणसं. त्यांच्यातले कितीतरी जण प्रेसवर, लेथवर, फोर्जिंगला उभे राहिलेले असणार. ऐरोली-रबाळ्याच्या पट्ट्यातलेही येतील. त्यांना दरवर्षी कुणीतरी ठरवून देतं की तुम्हाला जुनी हिंदी गाणी आवडतात, हळू आवाजात. त्यांना कधी कुणी विचारलंय?

तर मी उद्या सकाळी त्या मॅनेजरला फोन करणार आहे. शनिवार तरुण बँडला दे, माझी काही हरकत नाही. १ ऑक्टोबर आम्हाला दे. अनप्लग्ड नाही, प्लग्ड. आहे ती सेटलिस्ट, आहे तो अ‍ॅम्प. सातला सुरू करतो, साडेआठला संपवतो, दहाच्या नियमाचाही प्रश्न नाही. तो नाही म्हणाला तर रबाळ्याचा गाळा आहेच, मित्राशी बोलतो, खुर्च्या भाड्याने आणू. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं मराठीत सांगायची, हे कुठल्या गावातून आलं, वाजवणारा आधी काय काम करायचा. ते भूगोलाचे सर बघतील, त्यांना ते छान जमतं.

कुणाच्या आईवडिलांना, सासूसासऱ्यांना आणायचं असेल तर खाली कळवा. जिना नाही, गाळा तळमजल्यावरच आहे. श्रवणयंत्र असेल तर काढून ठेवायला सांगा, आणि सगळ्यांसाठी फोमचे इअरप्लग मी आणतो.