आधी मीटर लावा, मग मोडेम बदला!

‘मोडेम रीस्टार्ट करून बघा.’ बास झालं हे! ठाण्यात पावसाची पहिली सर आली की नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत केबल इंटरनेटच्या तक्रारी सुरू, आणि टेक्निशियन मोडेम बदलून मोकळे. मीटर लावून सिग्नलची लेव्हल कोण बघणार? गच्चीवरच्या एफ-कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडात, पाणी शिरलंय, ते नव्या मोडेमने सुकणार आहे का?

स्प्लिटरचं, म्हणजे एका केबलचे फाटे करणाऱ्या डबीचं, तर विचारूच नका. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा! दोन तोंडांचा एक स्प्लिटर सिग्नलचे साधारण ३.५ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला-वाढला याचं माप) खातो. असे ३ ओळीने जोडले की शेवटच्या घरापर्यंत १० डीबी गेलेच. मग वर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर ठोकायचा. अरे, सिग्नलबरोबर नॉइजही, म्हणजे नको असलेला गोंगाटही, वाढतो ना! स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे ते बंद करणारं टोपण, लावायला असा किती वेळ लागतो? तरी ते उघडंच. ढिल्या कनेक्टरमधून, अशा उघड्या तोंडातून शिरलेला नॉइज अपस्ट्रीममध्ये, म्हणजे घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये, जमा होत जातो आणि एका घरापायी अख्ख्या नोडची, म्हणजे त्याच जोडणीवरच्या सगळ्या घरांची, वाट लागते. वर्षानुवर्षं हेच! केबल ओढण्याआधी कागदावर लॉसची बेरीज करायला काय जातं? आणि टेक्निशियन पोरांना हे कोणी शिकवलंच नाही, हातात धड मीटर दिला नाही, तर दोष त्यांच्या माथी का मारता?