‘छोटं ऑपरेशन आहे, फक्त जागा बधिर करा’ : त्या व्हॉट्सॲप मेसेजला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

“काका, उपाशी आहात ना?” मी विचारलं आणि काकांनी मान डोलावली. वय ५८, उजव्या बाजूचं हायड्रोसील, म्हणजे अंडकोषाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलेलं. टेबलावर बसवून मी पाठ तपासायला लागले तसे ते म्हणाले, “मॅडम, कमरेत नको. तेवढी जागा बधिर करा, बास.” बोलता बोलता त्यांना ढेकर आली आणि मिसळीच्या तर्रीचा वास आला. सकाळी साडेआठला मिसळपाव खाऊन आले होते. ऑपरेशन तिथेच थांबवलं.

मुलाने बाहेर मोबाइल दाखवला. असे मेसेज सगळीकडे फिरत असतात, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. सार असं: पुरुषांनी हर्निया, हायड्रोसील, नसबंदी, सुंता यांसाठी पूर्ण भूल घेऊ नये, त्यातून माणूस उठेलच याची खात्री नसते. कमरेतल्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते आणि पुरुषत्वही. लहान मुलाला भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो. जागा बधिर करण्यात काहीच धोका नाही, जेवून जा, भूलतज्ज्ञ तर डॉक्टर बिल वाढवायला बोलावतात.

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. मला सगळ्यात घातक वाटतं ते शेवटचं वाक्य. आधी तेच घेते.

“जागा बधिर करण्यात काहीच धोका नाही, जेवून जा.” जागा बधिर करायला बहुतेक वेळा लिग्नोकेन वापरतात. त्याला मर्यादा आहे: साधं लिग्नोकेन असेल तर किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १३ मिली झाले की थांबायचं. ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर जी बाटली असते ती ३० मिलीची. ‘दुखतंय म्हणतोय, अजून थोडं भरा’ असं करत गेलं, किंवा सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर आधी ओठ झिणझिणतात, तोंडाला लोखंडासारखी चव येते, कानात शिट्टी वाजते. मग झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यावर उपाय आहे, पण औषध जवळ हवं आणि ती लक्षणं ओळखणारा माणूस डोक्याशी उभा हवा.

आणि उपाशीपणाचं. जागा बधिर करूनही भागलं नाही तर पुढची भूल द्यावी लागते, कित्येकदा सोबत झोपेचं औषधही देतात. त्या गुंगीत पोटातलं अन्न घशात आलं तर ते फुफ्फुसात उतरतं. म्हणून हलक्या खाण्यानंतर ६ तास, तर्रीसारख्या तेलकट खाण्यानंतर ८ तास, साध्या पाण्यानंतर २ तास. हिशेब एवढाच आहे. तेव्हा जेवून आलात तर निदान खरं सांगा. आम्ही रागावणार नाही, तारीख बदलू.

हायड्रोसीलमध्ये जागा बधिर करूनही का भागत नाही, हे नीट सांगायला हवं. अंडकोष गर्भात पोटात तयार होतो, मूत्रपिंडाच्या जवळ. तिथून तो खाली उतरतो तो आपल्या नसा सोबत घेऊनच. त्यामुळे वरची कातडी कितीही बधिर केली तरी सर्जनने आतली पिशवी ओढली की कळ जाते ती थेट बेंबीशी. माणसाला मळमळतं, घाम फुटतो, नाडी मंदावते. ज्याला लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागलाय त्याला ही कळ सांगायला नको. त्यासाठी जांघेत, अंडकोषाकडे जाणाऱ्या दोरीभोवती वेगळं औषध द्यावं लागतं. ते नीट बसलं तर जागं ठेवूनही हायड्रोसील छान होतं. नाही बसलं तर माणूस दात-ओठ खात पडून राहतो, आणि पुरुष असल्यामुळे दुखतंय म्हणतही नाही.

“कमरेतल्या इंजेक्शनने कंबर आणि पुरुषत्व जातं.” मज्जारज्जू साधारण पहिल्या कंबरमणक्यापाशी संपतो. आम्ही सुई घालतो ती त्याच्या बरीच खाली. औषधाचा असर दोन ते चार तासांत उतरतो, बोटं हलायला लागतात, आणि ज्या नसा पायाच्या त्याच भागातल्या पुरुषत्वाच्या. त्याही तशाच जाग्या होतात. सुईची जागा दोन-चार दिवस ठणकते, हे खरं. पण बाळंतपणात कमरेतून भूल घेतलेल्या बायकांचा पुढे वर्षभराहून जास्त पाठपुरावा झालाय, जुनाट कंबरदुखी त्यांच्यात जास्त आढळलेली नाही.

डोकेदुखी मात्र होऊ शकते: उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनने १८९८ मध्ये ही कमरेतली भूल पहिल्यांदा वापरली आणि स्वतःवर प्रयोग करून घेतल्यावर तेच डोकं धरून कित्येक दिवस पडून होते. आता सुया केसासारख्या बारीक आहेत, त्रास पुष्कळ कमी झालाय.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. कमरेतल्या भुलीनंतर लघवी अडू शकते, आणि प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या पुरुषांमध्ये जास्त. रात्री अकरा वाजता ओटीपोट दगडासारखं घट्ट, माणूस तळमळतोय, शेवटी नळी घालावी लागते, हे मी कितीदा पाहिलंय. साठीच्या पुढच्या माणसाचा हर्निया असेल तर या एका कारणासाठी जागा बधिर करून केलेलं उघडं ऑपरेशन मला जास्त आवडतं. कॅनडात टोरंटोजवळच्या शोल्डाइस रुग्णालयात हर्नियाची ऑपरेशनं वर्षानुवर्षं मुख्यतः हलकी गुंगी देऊन, जागा बधिर करूनच होत आली आहेत. टेबलावरच सर्जन म्हणतो, “खोका बरं,” आणि शिवण धरते की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं. दुर्बिणीतून करायचं तर मात्र पोटात गॅस भरतात, तिथे साधारणपणे पूर्ण भूलच लागते.

“पूर्ण भुलीतून माणूस उठत नाही.” निरोगी माणसात, ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये, केवळ भुलीमुळे मृत्यू होण्याचा ब्रिटनमधला अंदाज लाखात एकाच्या आसपास आहे. पण आपल्याकडे मला भीती वाटते ती गुटख्याची. महाराष्ट्रात बंदी २०१२ पासून आहे, तरी तिशीतली पोरं येतात आणि तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत. श्वासाची नळी घालणार कुठून? अशा मुलाला हर्निया असेल तर मीच म्हणते, पूर्ण भूल टाळता येईल तेवढी टाळू. तुम्ही आम्हाला भेटायच्या आधी आरशासमोर तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, बघा.

लहान मुलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, आईबापांची ती भीती खरी असते. हर्नियाच्या ७२२ तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला: काहींना जागं ठेवून कमरेतून, काहींना पूर्ण भूल, साधारण तासाभराच्या आतली. पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. फरक नव्हता. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल देण्याबद्दल आहे. भूल टाळायची म्हणून पाच वर्षांच्या पोराला चौघांनी धरून, रडत असताना सुंता करणं याला मी काळजी म्हणणार नाही.

“बिल वाढवायला बोलावतात.” मी फी घेते. आणि जिथे माझी गरज नाही तेही सांगते: बिनटाक्याची नसबंदी. चीनच्या ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये शोधलेली ही पद्धत थोड्याशा लिग्नोकेनवर होते, माणूस चालत घरी जातो. तिथे मेसेज बरोबर आहे. बाकी ठिकाणी मी तिथे असते ती बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याकडे आणि तुमच्या श्वासाकडे बघायला. सर्जनचे दोन्ही हात आणि डोळे तेव्हा दुसरीकडे असतात.

काका चार दिवसांनी परत आले. या वेळी मी मुलाला बाहेर पाठवलं आणि पुन्हा विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? पहिल्या दिवशी मुलासमोर ते “नाही” म्हणाले होते. आता खाली बघत म्हणाले, “चार-पाच वेळा.” सर्जनशी बोलले. गाठ मध्यम होती, कमरेतलं इंजेक्शन रद्द केलं. जांघेतल्या दोरीभोवती औषध, कातडीत थोडं, मिली मोजून, हाताला सलाइन, बोटाला चिमटा, पोट रिकामं. पिशवी ओढली तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते छताकडे बघत विचारत होते, “चालू केलं का?” संध्याकाळी स्वतः चालत जाऊन लघवी करून आले, तेव्हा मी घरी निघाले.