नाही सापडले, तर थांबा की!

एक्स८६ प्रोसेसरच्या संगणकावर बसून आर्म प्रोसेसरच्या छोट्या बोर्डासाठी क्यूटी हे पडद्यावरची ॲप्लिकेशन रचण्याचे फ्रेमवर्क सोर्सपासून कंपाइल करण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला माझा संताप समजावून सांगावा लागणार नाही. क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका जातीच्या प्रोसेसरवर दुसऱ्या जातीसाठी प्रोग्रॅम तयार करणे, किचकट असते याबद्दल माझी तक्रार नाही. किचकट कामाचाच आपल्याला पगार मिळतो. माझी तक्रार अशी आहे, की या सगळ्या प्रक्रियेत जे जे सापडत नाही ते ते मुकाट्याने गाळले जाते, वर सारे काही सुरळीत पार पडल्याचा आव आणला जातो, आणि त्याची किंमत कित्येक तासांनंतर, बोर्डावर प्रोग्रॅम सुरू करताना, आपल्याकडून वसूल केली जाते.

ईजीएलएफएसचेच पाहा. ज्या बोर्डावर डेस्कटॉप नाही, तेथे थेट स्क्रीनवर चित्र उमटवण्यासाठी क्यूटीला हे प्लगइन लागते, आणि ते तयार होण्यासाठी ग्राफिक्सच्या ईजीएल, ओपनजीएल ईएस, शिवाय बहुतेक नव्या बोर्डांवर जीबीएम आणि डीआरएम यांच्या लायब्रऱ्या व हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात. यांतली एखादी हेडर फाइल जागेवर नसली तर बिल्डआधी सगळे तपासणारी कॉन्फिगर ही आज्ञा काय करते? थांबत नाही, ओरडत नाही. भल्या मोठ्या सारांशात कुठेतरी, डझनावारी ‘येस’ आणि ‘नो’ यांच्या गर्दीत, ईजीएलएफएससमोर टिंबांची एक रांग आणि तिच्या शेवटी एक ‘नो’ छापते आणि आता खुशाल बिल्ड करा म्हणून सांगते. मग निंजा हा बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम हजारो फाइलींचा आकडा मोजू लागतो, पंखा किंचाळू लागतो, संध्याकाळ होते, सगळा पसारा बोर्डावर कॉपी होतो, आणि तेव्हा कुठे पडद्यावर ओळ उमटते, की ‘ईजीएलएफएस’ हे प्लॅटफॉर्म प्लगइन "" येथे सापडले नाही. हो, अवतरणचिन्हांच्या आत काहीही नाही. कुठे शोधले, हे सांगण्याची तसदीसुद्धा त्या संदेशाला घ्यावीशी वाटत नाही. दुसरा एक प्रकार तर याहून वरताण आहे: त्यात प्लगइन सापडले, तरीही लोड करता आले नाही, असे सांगतात. का आले नाही, हे विचारायचे असेल तर एक वेगळे डीबग व्हेरिएबल चालू करून पुन्हा सुरुवात करा!

संतापाची खरी गोष्ट अशी, की यंत्रणेला थांबता येते. कॉन्फिगर करताना हे फीचर सक्तीने चालू ठेवा असे स्पष्ट बजावले, तर अट पूर्ण होत नसल्याचे सांगून ती जागच्या जागी एरर देते. म्हणजे काय हवे आणि काय कमी आहे हे तिला पहिल्या मिनिटाला ठाऊक असते; केवळ आपण नेमका प्रश्न विचारला नाही म्हणून ती अळीमिळी गुपचिळी करून बसते. क्यूटी असंख्य प्लॅटफॉर्मवर चालते, त्यामुळे प्रत्येक फीचर ऐच्छिक असणे भाग आहे, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि डेस्कटॉपपुरता तो मान्यही आहे. परंतु ज्याने कोणता कंपायलर वापरायचा हे सांगणारी टूलचेन फाइल लिहून दिली, सिसरूटचा, म्हणजे बोर्डाच्या फाइल सिस्टिमच्या आपल्याकडील प्रतीचा, पत्ता दिला, ओपनजीएल ईएस हवे असे सांगितले, त्याला पडद्यावर काहीच न दाखवणारे फ्रेमवर्क हवे असेल, असा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो?

बरे, हेडर जागेवर का नव्हती? कित्येकदा ती तेथेच असते! बोर्डावरची फाइल सिस्टिम आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने आपल्या संगणकावर आणली, की तिच्यातल्या काही सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) थेट मुळापासूनचा पत्ता सांगत असतात. बोर्डावर तो पत्ता बरोबर असतो. आपल्या संगणकावर तोच पत्ता सिसरूट सोडून आपल्या स्वतःच्या डिस्ककडे बोट दाखवतो. लिंक तुटते, चाचणी फसते, ‘नो’ येतो. मग त्या सगळ्या लिंक सापेक्ष करून देणारी एक पायथन स्क्रिप्ट चालवायची. लायब्रऱ्या शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला कुठे पाहायचे हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वेगळे सांगायचे. एवढे सारे दुरुस्त करून कॉन्फिगर पुन्हा चालवले, की उत्तर पुन्हा ‘नो’, कारण आधीच्या फसलेल्या चाचणीचा निकाल सीमेक या बिल्ड-यंत्रणेने कॅश फाइलमध्ये इमानाने जपून ठेवलेला असतो. अख्खी बिल्ड डिरेक्टरी पुसून टाका, हा या क्षेत्रातला सर्वांत मौल्यवान सल्ला आहे, आणि ही शरमेची बाब आहे.

जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीची तऱ्हा याच जातीची. उबुंटू २२.०४ वर मिळणारे आर्मचे क्रॉस-कंपायलर पॅकेज जीलिबसी २.३५ घेऊन येते. बोर्डावर डेबियन ११ असेल तर तेथे २.३१ असते. सिसरूट नीट जोडला गेला नाही, तर कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर बिनतक्रार स्वतःच्या घरची लायब्ररी उचलतो, बिल्ड शंभर टक्के पूर्ण होते, आणि बोर्डावर गेल्यावर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून प्रोग्रॅम पहिल्या पावलालाच कोसळतो. मला २.३५ आणि २.३१ यांचा मेळ घालायचा होता, मग हे २.३४ कुठून उपटले? ऑगस्ट २०२१ मधल्या त्या आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्ती-शिक्का लागला, हे शोधून काढेपर्यंत रात्र सरते.

यात भर म्हणजे क्यूटी ६ दोनदा तयार करावे लागते: मॉकसारखी कोड तयार करून देणारी साधने बिल्ड चालू असताना आपल्याच संगणकावर चालवावी लागतात, म्हणून आधी तेथे त्याच आवृत्तीचे एक्स८६ बिल्ड हवे. हे कारण रास्त आहे, यावर मी रागावणार नाही. मात्र डिसेंबर २०२० मध्ये ६.० आले, फ्रेमवर्कची स्वतःची बिल्ड क्यूमेक या जुन्या साधनावरून सीमेकवर गेली, आणि त्याआधीचे सारे सल्ले एका फटक्यात बाद झाले. शोधायला गेलात तर पहिल्यांदा तेच हाती लागतात. आमच्या बोर्डाच्या उत्पादकाने दिलेला मार्गदर्शक तर अजून क्यूटी ५ च्या काळातच नांदतो आहे. विचारणा केली तर ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ एवढेच उत्तर येते. तुमच्याकडे चालते हो, पण विकता आम्हाला ना?

‘मग बोर्डावरच कंपाइल करा’ म्हणणारे उंटावरचे शहाणे येथेही भेटतात. एक जीबी रॅमच्या बोर्डावर अनेक फाइली एकदम कंपाइल करायला घेतल्या, की मेमरी संपते आणि कर्नल कंपायलरचाच गळा घोटतो. क्रोमियम ब्राउझर पोटात घेऊन येणाऱ्या, क्यूटीच्या वेबइंजिनचे तर नावही काढू नये. क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये आर्मचे सोंग उभे करून काम भागते, पण ते इतके रखडते, की वेळ वाचवण्याचा हेतूच बारगळतो. याउलट गो भाषेत, निदान सी लायब्रऱ्यांशी संबंध नसेल तर, दोन व्हेरिएबल आणि एक आज्ञा दिली की आर्मसाठीचा प्रोग्रॅम तयार. सी++ च्या एवढ्या जुन्या संसाराला ते जमणार नाही, हे मी समजू शकतो. जे सापडले नाही ते सापडले नाही असे सांगून थांबायला तरी कोणती नवी भाषा लागते?

सध्या कॉन्फिगर संपताच सारांशाची फाइल चाळून ईजीएलएफएससमोर ‘नो’ दिसला तर बिल्ड बंद पाडणारी एक टीचभर शेल स्क्रिप्ट मी प्रत्येक प्रकल्पात ठेवतो. नवीन आलेला प्रत्येक मुलगा विचारतो, की हे काम फ्रेमवर्क स्वतःच करत नाही का?